सांभाळणाऱ्याचे चार तास

सासूबाईंना पक्षाघात झाला त्यानंतरची अडीच वर्षं पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या वाकडच्या घरात दोन प्रश्न सतत घुमत होते. भेटायला येणारे विचारायचे, "यांना कुठं ठेवायचं, काही बघितलंय का?" आणि मी मनातल्या मनात विचारायची, "मला आज चार तास कोण देईल?" वरवर दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण पहिल्याचं उत्तर म्हणजे वृद्धाश्रम किंवा शुश्रूषा केंद्र. दुसऱ्याचं उत्तर ज्या सेवेत आहे तिला जगभर रेस्पाइट केअर म्हणतात. आजारी माणूस घरचाच राहतो, घरातच राहतो. फक्त त्याला सांभाळणाऱ्याला ठरावीक वेळ सुटी मिळते, आणि त्या वेळेत दुसरं कोणीतरी भरवशाचं माणूस त्याची जागा घेतं.

हा शब्द आपल्या सरकारी योजनांच्या यादीत बऱ्याच वर्षांपासून आहे. त्याच्यासाठी अनुदान आहे, कायद्यात कलमही आहे. तरी भूमकर चौकापासून कस्पटे वस्तीपर्यंत कुठल्याही सोसायटीत विचारलं, तर अशी सेवा घेतलेलं घर सापडणं अवघड. पैसा कुठून निघतो, कुठं अडतो आणि आज एखाद्या घरानं काय करायचं, ते क्रमानं बघू.

आधी नाव. मला यासाठी विसावा हा शब्द बरा वाटतो, आणि तो आपल्याच वाटेवरचा आहे. देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि आकुर्डीला मुक्कामाला येते. तिच्या वाटचालीत विसावेही असतात आणि मुक्कामही असतात. विसाव्याला पालखी थोडा वेळ टेकते, वारकरी पाणी पितात, पायाला मलम लावतात आणि पुन्हा चालू लागतात. मुक्कामाला राहुट्या पडतात. वारीत या दोन शब्दांची गल्लत कोणी करत नाही. आजारपणात मात्र सगळे करतात. आईला चार दिवस एखाद्या केंद्रात ठेवलं की शेजारी म्हणतात, "टाकलं." या एका क्रियापदाच्या भीतीनं कितीतरी लेकी-सुना आणि मुलगे वर्षानुवर्षं एकही दिवस बाहेर पडत नाहीत.

विसाव्याचे प्रकार तीन. पहिला, घरी येणारा. आठवड्यातून एक-दोनदा तीन-चार तास कोणी घरी येऊन बसतं, औषधं देतं, कूस बदलतं. दुसरा, दिवसाचं केंद्र. सकाळी पोचवायचं, संध्याकाळी आणायचं, मुलांच्या पाळणाघरासारखं. तिसरा, थोड्या दिवसांचा निवास. घरात लग्न आहे, सांभाळणारीचंच ऑपरेशन आहे किंवा तिची झोप पार उडाली आहे, अशा वेळी चार ते पंधरा दिवस. वाकडसारख्या ठिकाणी तिन्ही लागतात. इथं हिंजवडीत नोकरी करणारी जोडपी आहेत, ज्यांचे आईवडील सातारा, लातूर, अकोल्याहून आजारपणात इकडं आले. त्यांना इथं ना भाऊबंद, ना ओळखीची गल्ली. काळेवाडी, थेरगावकडं भाड्यानं राहणारी, चाकणच्या पाळीत काम करणारी घरंही आहेत. तिथं एक जण घरी बसला की अर्धा पगार गेला.

या कामाचा बोजा कोणाच्या अंगावर आहे, ते मोजलेलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. करणाऱ्या स्त्रीची दिवसाला साधारण १४० मिनिटं जातात, पुरुषाची ७४. यात लहान मुलंही आली, म्हणून हा आकडा सरासरीचा समजावा. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असलं की मिनिटं मोजायची सोय राहत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, अन्न द्यायचं तर डोकं उंच ठेवून, सावकाश. युरीन बॅग, डायपर, रात्रीची हाक. स्मृतिभ्रंश असेल तर शरीराचं काम कमी आणि पहारा जास्त, कारण दार उघडं राहिलं की माणूस निघून जातं. देशातल्या साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता पैसा. तो तीन वाटांनी निघतो.

पहिली वाट दिल्लीहून संस्थेकडं जाते. १९९९ च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी तो काम करतो. त्याच्या 'समर्थ' योजनेचा हेतूच रेस्पाइट होता: अनाथ, संकटात सापडलेली कुटुंबं आणि गरीब घरांतल्या व्यक्तींना तात्पुरता आधार. 'विकास' ही दहा वर्षांवरच्यांसाठी दिवसाच्या केंद्राची योजना, 'दिशा' लहान मुलांसाठी, 'घरौंदा' प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी, आणि 'सहयोगी' सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण देण्यासाठी. ज्येष्ठांची दुसरी खिडकी सामाजिक न्याय मंत्रालयाची. ज्येष्ठ नागरिकांचा एकात्मिक कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे आणि आता तो अटल वयो अभ्युदय योजनेच्या छत्राखाली येतो. त्यात वृद्धाश्रमांबरोबर सतत शुश्रूषेची गरज असलेल्यांची आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची निवासस्थानं अनुदानास पात्र आहेत. आधीच्या यादीत रेस्पाइट केअर होम हे नावही होतं.

हा पैसा घराला मिळत नाही, संस्थेला मिळतो. संस्था नोंदणीकृत असली पाहिजे, तिनं प्रस्ताव पाठवायचा, इमारत, कर्मचारी आणि लाभार्थींची यादी दाखवायची. मग डोईमागे हिशेब होतो. इथंच ती अडचण आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विसाव्याची खाट उपयोगी पडायची तर ती अधूनमधून रिकामी राहिली पाहिजे. तुमच्या घरी अचानक गरज पडली आणि खाट मोकळी असेल, तरच ती विसाव्याची. डोईमागे अनुदान असलं की रिकामी खाट म्हणजे संस्थेचा तोटा. पगार तर सगळ्यांचे द्यायचेच असतात, धुलाई, वीज, स्वयंपाक थांबत नाही. म्हणून संस्था काय करते? जो कायम राहणार आहे त्यालाच खाट देते. त्यात तिचा दोष नाही, हिशेबच तसा आहे. पुढं 'समर्थ' आणि 'घरौंदा' या दोन योजना एकत्र केल्या गेल्या. माझ्या वाचनात त्याचा अर्थ असा, की विसावा आणि मुक्काम एकाच छपराखाली आले, आणि अशा ठिकाणी जागा शेवटी मुक्कामालाच जाते.

दुसरी वाट कायद्यातून थेट माणसाकडं येते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६. या कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तीत आईवडील व घरातली माणसं पगार घेत असोत वा नसोत, दोन्ही धरली आहेत. मला ही ओळ फार मोलाची वाटते. बिनपगारी काम करणाऱ्या सुनेला कायद्यानं नावानं ओळखल्याची उदाहरणं फारशी नाहीत. पुढं कलम २४ सांगतं, की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता असावा. कलम ३८ त्याची पद्धत देतं. ज्याला अशी गरज आहे तो स्वतः, किंवा त्याच्या वतीनं कोणीही, सरकारनं नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतो. प्राधिकारी तो मूल्यमापन मंडळाकडं पाठवतो. मंडळ तपासून किती आणि कसला आधार हवा ते प्रमाणित करतं.

कलम आहे, पण रक्कम आणि पद्धत राज्यानं ठरवायची असते. केरळनं 'आश्वासकिरणम्' नावाची योजना २०१० मध्येच सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये. रक्कम लहान आहे, पण ती रुग्णाच्या नव्हे, सांभाळणाऱ्याच्या नावानं दिली जाते. आपल्याकडं संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला मदत मिळते, पासष्टीपुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. दोन्ही रुग्णाच्या नावावर. सांभाळणारी कुठं नाही. आणि स्मृतिभ्रंशाचं तर नाव २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांच्या यादीत स्वतंत्रपणे नाहीच. पार्किन्सन्स आहे, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आहेत. त्या आडानं जावं लागतं.

आरोग्य विम्याबद्दलचा गैरसमज इथंच दूर करते. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांचं कवच ऑक्टोबर २०२४ पासून मिळालं आहे. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांचं. देखभालीसाठी घरी येणाऱ्या मावशीचा पगार त्यात बसत नाही. कर्मचारी राज्य विमा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला स्वतःच्या आजारपणात वेतनाचा भाग देतो, वडिलांच्या आजारपणासाठी नाही. आणि नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांच्या ड्युटीवर आलेल्या मावशीचे महिन्याला पंधरा-वीस हजार सहज होतात. पाळीत काम करणाऱ्यानं जवळजवळ आपलाच पगार दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा, तर तो कामावर जाऊन काय करणार?

तिसरी वाट सगळ्यात जवळची, आपल्या महापालिकेची. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखायचा असतो. पिंपरी-चिंचवड ही औद्योगिक पट्ट्यातली सधन महापालिका. मोरवाडीला तिनं दिव्यांग भवन उभारलं. ज्येष्ठांसाठी ठिकठिकाणी विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी तिथं वर्तमानपत्रं, कॅरम, भजन, योगासनं चालतात आणि दुपारी बहुतेक वेळा शुकशुकाट असतो. ही केंद्रं चालत येणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहेत, ज्यांना चालता येत नाही ते घरीच राहतात. त्यांतल्या काही केंद्रांना रॅम्प, चाकाची खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह, दोन प्रशिक्षित माणसं आणि नेआण करणारी एक गाडी मिळाली, तर सकाळी अकरा ते दुपारी चार विसावा तिथंच उभा राहील. नवी जमीन नको, नवी इमारत नको. वाकडमध्ये जमिनीचा भाव काय आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचं वजन कळेल. प्रभागाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून सूचना मागवतात तेव्हा आम्ही रस्ता आणि पाणी लिहितो. एक ओळ याचीही लिहिता येते.

बाहेरच्या देशांत हा गुंता कसा सोडवला, त्यातलं जर्मनीचं उदाहरण मला शिकण्यासारखं वाटतं. चाकणला जर्मन गाड्या तयार होतात, म्हणून हा देश इथल्या कामगाराला परका नाही. तिथं १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. पगारातून हप्ता कापला जातो. घरी सांभाळणारं माणूस आजारी पडलं किंवा सुटीवर गेलं, तर बदली माणसाचा खर्च विमा देतो. १ जुलै २०२५ पासून बदली देखभाल आणि थोड्या दिवसांचा निवास या दोन्हींसाठी मिळून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंत, आणि बदली देखभाल वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत. यातलं मर्म असं, की पैसा कुटुंबाच्या हक्कात जमा आहे. खाट रिकामी राहिली तर काय, ही चिंता संस्थेची एकटीची राहत नाही, कारण कुटुंबं आपली रक्कम घेऊन तिच्याकडं येतात. अमेरिकेत मेडिकेअरनं जुलै २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी सुरू केलेल्या प्रयोगात पात्र कुटुंबाला वर्षाला अडीच हजार डॉलरपर्यंत विसाव्याची सेवा घेता येते. जपाननं २००० साली असाच विमा आणला आणि थोड्या दिवसांचा निवास तिथं नेहमीचा झाला.

आपल्याकडं हे सगळं होईपर्यंत घर चालवायचं आहे. म्हणून आता कामाचं.

पहिलं काम कागदाचं. पक्षाघात, पार्किन्सन्स, जुना मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता यांत अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड निघू शकतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तपासणीसाठी वाकडकरांना औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ, किंवा पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. पुष्कळ घरं हा कागद काढत नाहीत. "आईला अपंग कशाला म्हणायचं," असं वाटतं. आम्हीही आठ महिने काढला नाही. पण त्याच्याशिवाय महापालिकेची योजना नाही, निराधार अनुदान नाही, आणि जुन्या पद्धतीनं प्राप्तिकर भरणाऱ्याला मिळणारी ७५ हजारांची, तीव्र अपंगत्वात सव्वा लाखाची वजावटही नाही. कार्ड आल्यावर काळजीवाहक भत्त्यासाठी लेखी अर्ज द्यावा, कलम ३८ चा उल्लेख करून, आणि पोच घ्यावी. अर्जच आले नाहीत तर गरज आहे हे सरकारला दिसणार कसं?

दुसरं, दोन फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ. जवळ कोणतं केंद्र आहे, कोणती योजना लागू होते, ते तिथं विचारता येतं. १४४१६ हा टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठी, आणि तो सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठी फिरवावा. रात्री तीनला सासूबाईंवर ओरडून मग बाथरूममध्ये रडणारी बाई मी होते. तेव्हा असा नंबर असतो हे मला ठाऊक नव्हतं.

तिसरं, कर्करोग असेल तर वाकडहून त्याच महामार्गानं पुढं वारज्याला सिप्लाचं उपशामक शुश्रूषा केंद्र आहे. १९९७ पासून ते चालतं, सेवा विनामूल्य आहे, आणि घरचं माणूस रुग्णासोबत राहू शकतं. तिथं घरच्यांना जखम कशी धुवायची, नळी कशी सांभाळायची, वेदनेचं औषध वेळेवर का द्यायचं, हे शिकवतात. घरी परतलेली मुलगी पहिल्यापेक्षा कमी घाबरते, हेही एक प्रकारे विसाव्याचं काम. मानसिक आजारासाठी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली. तिथं कुटुंबांचे आधारगट भरतात.

शेवटचं काम पैशाशिवायचं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड: सोपवणं. माणूस मिळालं तरी आपण घराबाहेर पडत नाही. पहिल्या ब्युरोनं पाठवलेल्या मावशींना मी काही न सांगता सासूबाईंजवळ बसवलं आणि बँकेत गेले. परत आले तर चमचा भरभर दिल्यानं सासूबाईंना जोराचा ठसका लागलेला, दोघी रडत होत्या. चूक मावशींची कमी, माझी जास्त. पक्षाघात झालेल्या माणसाला घास कुठल्या बाजूनं द्यायचा हे मला परिचारिकेनं सांगितलं होतं. मावशींना कोणी सांगणार?

त्यानंतर मी एक वही केली. शाळेची, शंभर पानी, रेघांची. पहिल्या पानावर औषधं, वेळ, आणि चुकलं तर काय. दुसऱ्यावर डॉक्टर, शेजारच्या काकू, रुग्णवाहिका, माझा नंबर. तिसऱ्यावर शरीर: उजवा हात ओढायचा नाही, कूस बदलताना गुडघ्यात उशी, घास डाव्या गालाकडून, गिळलं का बघून मगच पुढचा, पाण्याला घट्टपणा आणायची पावडर. चौथं पान सासूबाईंचं स्वतःचं. त्यांना 'आजी' म्हटलेलं आवडत नाही, 'बाई' म्हणावं, त्या शाळेत शिक्षिका होत्या. चहा बशीतून. पाचनंतर अस्वस्थ होतात, तेव्हा खिडकी उघडावी, रस्त्यावरची गर्दी दाखवावी. "नको" म्हणजे नको. "नको गं" म्हणजे थोड्या वेळानं पुन्हा विचारा.

पुढच्या मावशी आल्या तेव्हा पहिले दोन दिवस मी शेजारी बसून राहिले, त्यांनी केलं, मी बघितलं. तिसऱ्या दिवशी अर्धा तास खाली बागेत. चौथ्या दिवशी दोन तास, म्हातोबाच्या देवळापर्यंत चालत जाऊन आले. घरी आले तेव्हा मावशी वही वाचून दाखवत होत्या आणि सासूबाई बोट हलवून एकेक ओळ दुरुस्त करत होत्या. बशीतल्या चहात साखर दोन चमचे, एक नव्हे.